वंशावळीचें वाङ्मय

इंग्लंडांतील एखाद्या घराण्याचे वंशज हुडकून काढावयाचे असले, तर शोध करणारा मनुष्य प्रथम राजवाड्यांत किंवा सरकारी दप्तरखान्यांत जात नाहीं. तो एका खेड्यांतील देवळाची वही मागतो. पूर्वीं ही वही देवळांतच पेटींत असे. आतां बहुधा ती जिल्ह्याच्या दप्तरांत नेऊन ठेवलेली असते. कोणाचा बाप्तिस्मा कोणत्या दिवशीं झाला, कोणाचें लग्न कोणाशीं लागलें, कोणास कोणत्या तारखेस मूठमाती मिळाली, एवढेंच तींत लिहिलेलें असतें. आठव्या हेन्रीचा कारभारी टॉमस क्रॉमवेल यानें १५३८ सालीं हुकूम काढला कीं, प्रत्येक पॅरिशनें, म्हणजे एका देवळाच्या हद्दींतील वस्तीनें, अशी एक वही ठेवावी. आणि ती दोन कुलुपांच्या पेटींत असावी, एक किल्ली धर्मोपदेशकापाशीं व दुसरी देवळाच्या पंचांपाशीं. लोकांस त्या वेळीं वाटलें कीं, हा नव्या कराचा पाया घातला जात आहे. हा संशय अगदींच वेडगळ नव्हता. दीडशें वर्षांनीं खरोखरच जन्म, लग्न आणि मरण यांवर कर बसला; पुढें १७८३ त पुन्हा प्रत्येक नोंदीमागें तीन पेन्स बसले, आणि भिकाऱ्यांस माफी असल्यामुळें कित्येक खाऊनपिऊन सुखी कुटुंबें त्या वर्षांत वहींपुरतीं भिकारी झालीं. सरकारी कागद आणि मनुष्यस्वभाव यांचें नातें सर्वत्र एकच.

ह्या वह्या कोणा पंडितानें लिहिलेल्या नाहींत, आणि पुढें कोणी त्या वाङ्मय म्हणून वाचील असें लिहिणाराच्या मनांतहि आलें नसेल. तथापि वाङ्मयाच्या अभ्यासकास त्यांतून शिकण्यासारखें पुष्कळ आहे, आणि आपल्याकडील तीर्थोपाध्यायांच्या वह्या व अलीकडे छापले जाणारे कुलवृत्तांत यांच्याशेजारीं त्या ठेवून पाहिल्या, तर आपल्या वंशविषयक कल्पनांचा एक कोपरा उजेडांत येतो. प्रस्तुत लेखाचा विषय तो कोपरा आहे.

प्रथम एक प्रसिद्ध उदाहरण घेऊं. शेक्सपिअरच्या घराण्याविषयीं आज जें निश्चित सांगतां येतें, त्याचा सांगाडा स्ट्रॅटफर्डच्या देवळांतील वहीनें उभा केलेला आहे. २६ एप्रिल १५६४ रोजीं बाप्तिस्मा; २५ एप्रिल १६१६ रोजीं दफन. मध्यें वडील मुलगी सुझॅना, १५८३. जुळीं मुलें हॅम्नेट आणि ज्यूडिथ, १५८५. आणि ११ ऑगस्ट १५९६ रोजीं हॅम्नेटचें दफन, वय अकरा. ही पहिली नोंद मूळ हस्ताक्षरांतली नव्हे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. जुन्या कागदी वह्या टिकत नाहींत असें दिसल्यावर त्या चर्मपत्रावर उतरून काढण्याची आज्ञा शतकाच्या अखेरीस झाली, आणि स्ट्रॅटफर्डची जी वही आपण पाहतों ती तशी उतरलेली प्रत आहे. म्हणजे जगांतील सर्वांत वाखाणल्या गेलेल्या कवीचा जन्मकाल आपणांस एका नकलनविसाच्या हातून मिळाला आहे.

आणि वही सर्वज्ञ नाहीं. कवीचें लग्न तींत सांपडत नाहीं. तें शोधण्यासाठीं वुस्टरच्या बिशपच्या दप्तराकडे जावें लागतें, आणि तेथें १५८२ च्या नोव्हेंबरांत लागोपाठच्या दोन दिवशीं दोन कागद मिळतात. एकावर वधूचें नांव ॲन व्हेटली, दुसऱ्यावर ॲन हॅथवे. ह्या एका व्हेटलीवर केवढी कादंबरी रचली गेली! शेक्सपिअरचें मन दुसरीकडे गुंतलें होतें, त्यास जबरदस्तीनें बोहल्यावर उभें केलें, वगैरे. कारकुनानें त्या दिवशीं दुसऱ्या एका कज्जांतील आडनांव चुकून लिहिलें असावें, हें साधें उत्तर कोणास रुचत नाहीं. वंश शोधणाराचा मोठा शत्रु हरवलेला कागद नव्हे. सांपडलेल्या कागदांतून हवी ती कथा काढण्याची हौस हा त्याचा खरा शत्रु आहे.

आतां वंशाकडे वळूं. हॅम्नेट वारला, परंतु दोन मुली राहिल्या. ज्यूडिथला तीन मुलगे झाले. एक तान्हेपणींच गेला, दुसरे दोघे १६३९ सालीं एकामागून एक वारले. सुझॅनाला एकच मुलगी, एलिझाबेथ; तिचीं दोन लग्नें झालीं, संतति झाली नाहीं, आणि १६७० सालीं ती वारली तेव्हां कवीचा वंश संपला. बहीण जोन हिचा वंश मात्र पुढें चालला. इंग्रज चरित्रकार एकमुखानें १६७० हें साल देतात. आमच्या एखाद्या कुलवृत्तांतकारापुढें हीच सामग्री ठेवली असती, तर त्यानें काय लिहिलें असतें? हॅम्नेटच्या नांवाखालीं ‘बालपणीं वारला’ आणि कवीच्या नांवाखालीं ‘निर्वंश’. म्हणजे वंश संपण्याचें साल १६७० नव्हे, १५९६. दोन सालांमध्यें चौऱ्याहत्तर वर्षें आहेत, आणि त्या चौऱ्याहत्तर वर्षांत दोन मुली, एक नात आणि तीन नातू जगले, वागले, मेले. आमच्या हिशेबांत ते कोणीच नाहींत. आमच्याकडे कवीनें दत्तक घेतला असता आणि वंश ‘चालविला’ असता, हें खरें. बहिणीचाच मुलगा घेऊं म्हणता, तर धर्मशास्त्रानें हरकत घेतली असती, तो भाग निराळा.

इंग्रजांस मुलींची फार माया होती म्हणून असें झालें, अशी समजूत कोणी करून घेऊं नये. शेक्सपिअरनेंहि आपल्या मृत्युपत्रांत मिळकत सुझॅनाच्या मुलग्यांच्या मागें मुलग्यांकडे जावी अशीच तजवीज करून ठेवली होती. ते मुलगे झालेच नाहींत. हॅम्नेटच्या दफनाच्या नोंदींत बापाचें नांव आहे, आईचें नाहीं. आणि १६२३ सालीं त्या आईचें दफन झालें, तेव्हां वहींत लिहिलें गेलें तें केवळ ‘मिसेस शेक्सपिअर’. तेव्हां पुरुषाचें नांव पुढें आणि बाईचें मागें, हा प्रकार तेथेंहि होताच. फरक आहे तो वहीच्या हेतूंत. पॅरिशच्या वहीस मिळकतीशीं कर्तव्य नाहीं. ज्या जिवावर पाणी शिंपडलें त्याची नोंद व्हावयाची, मग तो मुलगा असो, मुलगी असो, खानदानी असो कीं अनौरस असो. नोंदींत कडवट शब्द येईल, पण नोंद येईल.

आमच्याकडील वंशावळ जन्मली निराळ्या घरांत. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें छापावयास आरंभ केला. तीं, आणि त्यांच्यामागून इतरांनीं छापलेले महजर, करीने, कैफियती वाचीत गेलें म्हणजे ध्यानांत येतें कीं, मराठी वंशावळीचें मूळ बहुतेक ठिकाणीं वतनाच्या भांडणांत आहे. पाटिलकी कोणाची, कुलकर्ण कोणाचें, वडीलपण कोणत्या शाखेचें, हा प्रश्न पडला कीं वंशावळ उभी राहते. ती दाव्याची भाषा बोलते. वतनांत जिला वांटा नाहीं तिचें नांव तेथें कशास यावें? मुलगी ‘अमुक गांवीं दिली’ एवढ्यावर संपते, आणि पुष्कळदां तेवढेंहि येत नाहीं. दावा जिंकण्यासाठीं एखादी पिढी वाढविणें किंवा एखादी शाखा गाळणें हेंहि घडत असे. बनावट महजर ही कांहीं अपूर्व वस्तु नव्हती.

तीर्थोपाध्यायाची वही ह्या दोहोंहून वेगळी, आणि आम्हां नाशिककरांच्या नित्य परिचयाची. रामकुंडावर उतरलेल्या यात्रेकरूस पहिला प्रश्न येतो तो आडनांव कोणतें आणि मूळ गांव कोणतें, हा. त्या दोन उत्तरांवर त्याचा उपाध्याय ठरतो. मग कापडांत गुंडाळलेली लांबट वही निघते, आणि यात्रेकरूच्या पणज्याची मोडी सही त्याच्यासमोर येते. आजोबा आले होते, बरोबर कोण होतें, कोणाच्या अस्थि आणल्या होत्या, भाऊ किती, मुलगे किती, सर्व तेथें आहे. आणि पुष्कळदां ज्याचें त्याच्याच हातचें आहे. ही एक गोष्ट पॅरिशच्या वहींत दीर्घ काल नव्हती. इंग्लंडांत वधूवरांनीं लग्नाच्या नोंदीखालीं सही किंवा फुली करावी असा नियम १७५४ पासून झाला. तोंपर्यंत साध्या मनुष्याचें हस्ताक्षर त्या वहीस ठाऊक नसे. आमच्या वहींत मनुष्य स्वतः लिहितो, आणि पुढें येणाऱ्या अनोळखी नातवासाठीं लिहितो, ही जाणीव त्या ओळींत असते.

पॅरिशची वही भूमीस बांधलेली आहे. उपाध्यायाची वही वंशास बांधलेली आहे. ह्या एका भेदांतून बाकीचे भेद निघतात. इंग्रज कुटुंबानें गांव सोडलें कीं माग तुटतो. शोध करणारानें आसपासच्या वीस पॅरिश चाळाव्या, मृत्युपत्रें पाहावीं, आणि तरीहि एखादा टॉमस तोच टॉमस कीं दुसरा, ह्या शंकेनें झोंप घालवावी. आमचें घराणें बडोद्यास जावो, इंदुरास जावो, तंजावरास जावो. नाशकास आलें कीं त्याच उपाध्यायाच्या त्याच पानावर येतें. परंतु उलट बाजूहि आहे. पॅरिशची वही जन्म-मरणाची. कोणी कोठें जावो न जावो, जगला आणि मेला तर तींत येणारच. आमची वही भेटीची. एका पिढीस यात्रा घडली नाहीं, दुष्काळ पडला, दारिद्र्य आलें, कीं ती पिढी वहींत नाहीं. शिवाय पॅरिशच्या वहींत तारीख ही मुख्य; उपाध्यायाच्या वहींत नातें मुख्य. एकींत मनुष्य कालाच्या ओळींत उभा असतो, दुसरींत आपल्या माणसांच्या घोळक्यांत.

दक्षिणेकडे कोल्हापूर-सांगलीच्या बाजूस हेळवी येतात, बैलावर बसून, आणि दारांत उभें राहून घराण्याच्या पिढ्या म्हणून दाखवितात. त्यांचा विचार स्वतंत्रपणें झाला पाहिजे. तोंडानें म्हटलेली वंशावळ हें ऐकण्याचें वाङ्मय आहे, आणि त्यास लय असते. कागदी वंशावळीस ती नाहीं.

ह्या सर्वांचा आधुनिक वारस म्हणजे छापील कुलवृत्तांत. विसाव्या शतकांत मराठींत असे ग्रंथ पुष्कळ झाले आणि अद्याप होत आहेत. संपादकांचे कष्ट अपार असतात. गांवोगांव पत्रें पाठविणें, उत्तरें न येणें, आलेल्या उत्तरांत सख्ख्या भावांचे जन्मशक उलटे असणें, हें सर्व सोसून ते ग्रंथ तडीस नेतात. त्यांच्याविषयीं आदर बाळगूनच पुढील टीका करावयाची आहे.

कोणताहि कुलवृत्तांत उघडा. गोत्र, प्रवर, कुलदैवत, मूळ गांव, त्या गांवाच्या नांवाची एक अद्भुत व्युत्पत्ति, मग वंशवृक्षांचे कोष्टक, आणि मग व्यक्तींची माहिती. ह्या माहितींत सर्व पूर्वज धर्मशील, परोपकारी, करारी आणि पंचक्रोशींत मान असलेले असतात. शेंकडों माणसें झालेल्या घराण्यांत एकहि कर्जबाजारी, एकहि तापट, एकहि नाटकाच्या नादानें घर सोडून गेलेला नसावा, हें संभवत नाहीं. तो असतो, पण त्याच्या नांवापुढें एक शब्द असतो, ‘परागंदा’. हा शब्द मला फार विचार करावयास लावतो. तो कां गेला, कोणी घालविला, पुढें त्याचें काय झालें, त्याची बायको कोठें राहिली? ग्रंथांत ज्याची कथा सांगण्यासारखी आहे असा कदाचित् तोच एक मनुष्य, आणि त्याच्या वांट्यास चार अक्षरें. ‘दत्तक गेला’ हाहि असाच एक दरवाजा आहे. सहा वर्षांचें पोर एका घरांतून उठून दुसऱ्या घरांत गेलें, त्याचा बाप बदलला, नांव बदललें. ग्रंथकार त्यास एका कोष्टकांतून काढून दुसऱ्यांत ठेवतो आणि पुढें जातो.

सर्वांत कठोर शब्द ‘निर्वंश’. चार मुलींचा बाप, ज्याचे नातू आज जगाच्या चार टोंकांस आहेत, तो कोष्टकांत निर्वंश ठरतो. आणि विधवांचें काय? सोळाव्या वर्षीं कपाळ पांढरें झालेली आणि पुढें साठ वर्षें त्याच घराच्या माजघरांत राबलेली सून ‘कुटुंब अमुक’ एवढ्या दोन शब्दांत मावते. तेंहि सासरचें नांव, माहेरचें नव्हे. अलीकडच्या कांहीं संपादकांनीं मुली, जांवई आणि सुनांचीं माहेरें देण्याची रीत पाडली आहे, ही चांगली गोष्ट आहे. पण तेथेंहि मुलगी ही कोष्टकाबाहेरची टीप असते. रेघ तिच्यापाशीं थांबते.

इंग्रजी वाङ्मयानें ह्या वह्यांचें काय केलें, हें पाहिलें म्हणजे आपल्यांतील उणीव स्पष्ट होते. जॉर्ज क्रॅब स्वतः धर्मोपदेशक होता. त्यानें १८०७ सालीं ‘पॅरिशची वही’ ह्या नांवाचें दीर्घ काव्यच लिहिलें. त्याचे भाग तीन: बाप्तिस्मे, लग्नें, दफनें. म्हातारा धर्मोपदेशक वर्षाची वही चाळतो आणि एकेका नांवापाशीं थांबतो. क्रॅबच्या कवितेंत संगीत बेताचेंच. वर्ड्‌स्वर्थ वाचून त्याच्याकडे येणारास ती गद्यासारखी वाटेल. परंतु नोंदींतून माणूस काढणें ही कला त्याच्याइतकी दुसऱ्या कोणास क्वचितच साधली असेल. त्यांत एक टाकलेलें पोर आहे. गांवचे पंच बसून त्याचें नांव ठरवितात; सोमवारीं सांपडला म्हणून रिचर्ड मंडे. लाथाबुक्क्या खात वाढलेला हा सोमवार पुढें धनाढ्य ‘सर रिचर्ड’ होऊन मरतो. पांच पिढ्यांनीं ह्या घराण्याचा कोणी वंशज आडनांवाचें मूळ शोधूं लागला, तर त्यास नॉर्मन सरदार मिळणार नाहीं. पंचायतीची एक बैठक मिळेल. वंशाभिमानावर ह्याहून तिखट भाष्य प्रस्तुत लेखकाच्या वाचनांत नाहीं.

विल्की कॉलिन्सच्या ‘पांढऱ्या वस्त्रांतील स्त्री’ ह्या १८६० च्या कादंबरींत वहीच खलनायकाचा गळफास होते. सर पर्सिव्हल ह्याच्या आईबापांचें लग्नच झालेलें नव्हतें. जहागीर हातची जाऊं नये म्हणून तो वहींतील एका पानाच्या तळाशीं मोकळ्या जागेंत खोटी नोंद घुसडतो. पण त्या वहीची एक नक्कल दुसऱ्या गांवीं एका वकिलाकडे आहे, आणि तींत ती जागा कोरी आहे. कथेचा सर्व डोलारा त्या कोऱ्या जागेवर उभा आहे. कॉलिन्स हा कांहीं थोर कलावंत नव्हे, वाचकास खिळवून ठेवणारा कुशल रचनाकार. तथापि कागदाच्या एका रिकाम्या पट्टींतून भय निर्माण करणें त्यास जमलें. आमच्याकडील बनावट महजरांवर अशी कादंबरी लिहिण्यास काय हरकत होती?

आणि हार्डी. ‘टेस’ (१८९१) ही कादंबरी पिढ्यान्‌पिढ्या आमच्या महाविद्यालयांतून शिकविली गेली. दैव, समाज, पावित्र्य यांवर विद्यार्थ्यांनीं रीमच्या रीम कागद भरले. पण ती सुरू होते तेथें एक वंशशोधक उभा आहे, इकडे लक्ष थोडक्यांचें जातें. जिल्ह्याच्या इतिहासासाठीं वंशावळी चाळणारा पाद्री ट्रिंगहॅम संध्याकाळीं रस्त्यांत एका दरिद्री फेरीवाल्यास सहज ‘सर जॉन’ म्हणून हांक मारतो. डर्बीफील्ड हें डर्बरव्हिल ह्या नॉर्मन सरदारी नांवाचें झिजलेलें रूप आहे, हें त्यास सांगून तो निघून जातो. पाद्रीला ती एक गंमत. फेरीवाल्याच्या डोक्यांत मात्र ती दारूसारखी चढते, आणि मुलीस ‘आपल्या’ श्रीमंत नातलगांकडे पाठविण्यापर्यंत मजल जाते. ते नातलग तरी कोण? पैसेवाला स्टोक, त्यानें ब्रिटिश म्यूझियममध्यें बसून नामशेष घराण्यांच्या पुस्तकांतून एक झोंकदार नांव निवडून आपल्यास चिकटविलेलें. खरें घराणें नांव विसरलें आहे, खोट्यानें तें ग्रंथांतून उचललें आहे, आणि दोहोंच्या भेटींत एक मुलगी चिरडली जाते.

हार्डीचें मोठेपण पुढें आहे. टेसचें तान्हें मूल रात्रीं मरणोन्मुख होतें. बापानें पाद्रीस घरांत येऊं दिलें नाहीं म्हणून ती स्वतःच, धाकट्या भावंडांस भोंवतीं गुडघ्यांवर बसवून, त्याचा बाप्तिस्मा करते. असा बाप्तिस्मा वहींत कसा यावा? मूल देवळाच्या आवाराच्या त्या कोपऱ्यांत पुरलें जातें, जेथें बाप्तिस्मा न झालेलीं पोरें, दारुडे आणि आत्महत्या केलेले टाकतात. एक पाद्री शेंकडों वर्षांचीं मेलेलीं हाडें शोधून काढतो. दुसऱ्याच्या नियमांत कालच मेलेल्या अर्भकास जागा नाहीं. ज्या वहीची मीं वर ‘नोंद येईल’ म्हणून स्तुति केली, तिच्याहि कडेस कोपरा होता, हें हार्डीनें दाखविलें. आणि तें कादंबरीनेंच दाखवावयाचें होतें, कारण वहीस आपला कोपरा दिसत नाहीं.

हिंदुस्थानांत तर तो कोपरा फार मोठा होता. बंगाल, मद्रास आणि मुंबई ह्या तिन्ही इलाख्यांतील देवळांच्या नोंदींच्या नकला लंडनास जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररींत आहेत, आणि ज्यांचा आज्या-पणज्या इकडे नोकरीस होता असे इंग्रज त्यांतून आपला माग काढतात. कंपनीच्या काळच्या कित्येक नोंदींत बापाचें नांव, हुद्दा, पलटण सर्व असतें. आई देशी असली तर ती केवळ ‘एक देशी स्त्री’, किंवा तीहि नाहीं. कुलवृत्तांतांतील माजघरांतली सून आणि ही अनामिका यांत मला फारसा भेद दिसत नाहीं.

ह्याहून विलक्षण प्रकरण आमच्या गांवांतलेंच आहे. चर्च मिशनरी सोसायटीनें नाशकाशेजारीं १८५४ सालीं शरणपूर वसविलें. अरबी गलबतांतून ब्रिटिश आरमारानें सोडविलेलीं आफ्रिकन मुलें तेथें आणून ठेवीत, त्यांस शिकवीत, हुन्नर देत आणि बाप्तिस्मा देऊन इंग्रजी नांवें ठेवीत. लिव्हिंग्स्टननें आपल्या अखेरच्या प्रवासासाठीं ह्या नाशकच्या मुलांपैकीं नऊ जण घेतले होते. पुढें त्याच्या मदतीस गेलेल्या तुकडींत जेकब वेनराइट हा नाशकांतच शिकलेला तरुण होता. १८७३ सालीं लिव्हिंग्स्टन वारल्यावर त्याच्या अनुयायांनीं प्रेत शेंकडों मैल समुद्रकांठापर्यंत वाहून नेलें. वेनराइट त्याबरोबर इंग्लंडास गेला, आणि १८ एप्रिल १८७४ रोजीं वेस्टमिन्स्टर ॲबेंतील अंत्यविधींत खांदा देणारांत उभा राहिला. वेनराइट हें अस्सल इंग्रजी आडनांव. अर्थ गाडे घडविणारा सुतार. नांवावरून वंश शोधणारा यॉर्कशरच्या सुतारापर्यंत पोंचेल आणि याओ लोकांच्या त्या मुलाची आई त्यास कधींच सांपडणार नाहीं. क्रॅबच्या रिचर्ड मंडेचा हा सख्खा भाऊ, पण काल्पनिक नव्हे. ह्या ‘बाँबे आफ्रिकन’ मंडळींपैकीं बरेच जण पुढें मोंबासाजवळच्या फ्रीअर टाउन वसाहतींत गेले. रामकुंड आणि शरणपूर एकाच गांवांत आहेत. एकीकडे दहा पिढ्यांचे धागे सांभाळलेले, दुसरीकडे सर्व धागे तोडून आलेल्यांस नवें नांव देणारी वही. आणि तिसरा वर्ग तो, ज्यास काळारामाच्या दारांतून आंत जाण्यासाठीं २ मार्च १९३० पासून डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं सत्याग्रह करावा लागला. त्या घरांच्या पिढ्या किती वह्यांत शोधाव्या?

मराठींत ह्या सामग्रीचें वाङ्मय झालेंच नाहीं असें नाहीं. लक्ष्मीबाई टिळक नाशकाजवळच्या जलालपूरच्या. त्यांचे पति नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ सालीं मुंबईस झाला. लक्ष्मीबाईंचा कांहीं वर्षांनीं. वहीच्या दृष्टीनें ह्या दोन तारखा. ‘स्मृतिचित्रें’ म्हणजे त्या दोन तारखांमधलें अंतर आहे, आणि तें अंतर एका बाईनें स्वतःस हंसत सांगितलें आहे. सोंवळें, माहेर, भूक, नवऱ्यावरचा राग, सर्व कांहीं. कुलवृत्तांताच्या रीतीनें त्या पानावर काय उरलें असतें, ह्याची कल्पना वाचकांनींच करावी. श्री. ना. पेंडसे यांची ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) ही दुसरी. चार पिढ्यांच्या ह्या कथेंत लेखकानें कोष्टकांतल्या ‘परागंदा’ मंडळींस परत घरीं बोलाविलें आहे. कादंबरीचा विस्तार कांहीं जागीं आवरता आला असता. पण घराण्याची कीर्ति आणि घराण्याचें पाप एकाच रक्तांत वाहतें, हें सांगण्याचें धैर्य तींत आहे.

आज हा विषय केवळ रसिकतेचा राहिलेला नाहीं. २०२३ सालीं न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालीं कुणबी नोंदी शोधण्यासाठीं समिति नेमली गेली, आणि एकाएकीं महाराष्ट्रांतील घरोघर जुन्या कागदांचा शोध सुरू झाला: गांव नमुना चौदा, म्हणजे लोकांच्या तोंडचें कोतवाल-बुक, शाळेचें जनरल रजिस्टर, मोडींतील जमिनीचे कागद. कोतवाल-बुक हीच आमची खरी पॅरिशची वही. गांवांत जें पोर जन्मलें त्याची नोंद, मुलगी असली तरी. आणि मेलें त्याचीहि. ज्या कागदाकडे पन्नास वर्षें कोणी ढुंकून पाहिलें नाहीं, त्यावर आतां पोराचें शिक्षण आणि नोकरी अवलंबून राहिली. वंशावळ पुन्हा एकदां दाव्याच्या भाषेंत बोलूं लागली आहे. वतनाच्या जागीं प्रमाणपत्र आलें, एवढेंच.

ह्या गर्दींत मोडी वाचणारास भाव आला, हा एक अनपेक्षित लाभ. पण तो वाचणारा हवा तो शब्द सांपडला कीं पान उलटतो. त्याच पानावर आणखी काय आहे तें पाहण्यास त्यास सवड नाहीं, आणि त्याबद्दल त्यास दोष देतां येत नाहीं. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचीं सूक्ष्मचित्रें अमेरिकेंतील यूटा येथील वंशशोधक संस्थेनें गेल्या शतकांतच घेतलीं. आमच्या वह्या उपाध्यायांच्या घरच्या आहेत, त्यांच्या पोटाच्या आहेत; त्या कोणी उचलून ग्रंथालयांत नेऊं म्हणेल तर तें न्याय्य होणार नाहीं. परंतु उपाध्यायांच्या संमतीनें, त्यांचा हक्क राखून, एका तालुक्याच्या वह्यांतील नोंदींचा संग्रह एखाद्या संपादकानें केला, आणि यात्रेकरूनें स्वतःच्या हातानें काय लिहिलें तें अक्षरशः छापलें, तर मराठी गद्याचा एक न पाहिलेला नमुना हातीं येईल. त्यांत विशेषणें नसतील. अमुक सालीं आलों, वडिलांच्या अस्थि आणल्या, बरोबर मातोश्री व धाकटे बंधु, इतकेंच असेल. आणि कोठें कोठें, उपाध्यायानें विचारलें म्हणून किंवा लिहिणारास राहवलें नाहीं म्हणून, मुलीचेंहि नांव.